दोऱ्याचे तीन हिसके

"आज तरी नाटकं करू नकोस गो, चंद्रमती! पापनाशमला शंभर माणसांदेखत माझी अब्रू घालवलीस, ती पुरे झाली!"

तंजावुरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतून शाळेकडे भराभरा निघालेली वसुमती जागच्या जागी थबकली. गल्लीत एक सरकारी व्हॅन उभी होती, मागचं दार अर्धं उघडं, आणि आत कोणीतरी पुरुष चक्क मराठीत बायकोला झापत होता. सकाळी आठ वाजता, भर रस्त्यात! असलं ऐकून गुमान पुढे जाणं वसुमतीच्या स्वभावातच नव्हतं.

"अहो! बायकोशी असं बोलतात होय?"

दाराआडून एक कुरळं डोकं बाहेर आलं. नाकाच्या शेंड्यावर तेलाचा डाग, हातात स्क्रूड्रायव्हर.

"बायको? छे... अजून नाही." तो गडबडला, मग हसला. "हा आमचा प्रोजेक्टर. नाव मीच ठेवलंय. रुसतो बायकोसारखाच – म्हणजे, ऐकून माहीत."

वसुमतीला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. ती वळणार, तोच तो म्हणाला, "थांबा... गर्ल्स हायस्कूलच्या सायन्स टीचर ना तुम्ही? ती नऊ पत्रं तुमचीच?"

"नऊ नाही, सात."

"प्रत्येकात आधीच्यापेक्षा राग जास्त. सातवं पत्र आमच्या त्रिचीच्या ऑफिसात कोणी उघडायलाच तयार नव्हतं. शेवटी मी उघडलं." त्याने नाक पुसलं; डाग गालावर पसरला. "जयतीर्थ. तुमची फिल्म आणलीय."

फिल्म! वसुमती सगळी लाज विसरली.

आता ही फिल्म कसली, ते सांगायला हवं, कारण एकोणीसशे बासष्ट साली आमच्या तंजावुरात त्या गोष्टीचं नावसुद्धा कोणी मोठ्याने घेत नसे. मुली मोठ्या होताना शरीरात काय घडतं, दर महिन्याला काय येतं, ते का येतं, त्याला का घाबरू नये... वीस मिनिटांची फिल्म. वसुमतीच्या नववीच्या वर्गात गेल्या वर्षी तीन बाकं रिकामी झाली होती. मुलगी 'मोठी' झाली, घरी बसली, संपलं! कोणी तिला काही सांगितलं नाही, कोणी काही विचारलं नाही. वसुमतीला ती तीन बाकं रोज दिसायची.

हेडमिस्ट्रेस वेंकूबाईंनी परवानगी दिली, पण फुकट नाही. "राजीनामा लिहून दे," त्या म्हणाल्या होत्या. "तारीख घालू नकोस. बोभाटा झाला तर तारीख मी घालीन." तो कागद त्यांच्या खणात पडला होता. आणि बोभाटा करायला शाळा कमिटीचे सेक्रेटरी रघोजीराव टपूनच बसले होते. त्यांची आईवेगळी अंबा याच शाळेत नववीला होती, शेवटच्या बाकावरची गप्प पोर. रघोजीरावांची अट एकच: मुलींची फिल्म चालू असताना पुरुषाची नजर आत जाता कामा नये. ऑपरेटर पुरुष, म्हणून ते स्वतः बाहेर पहारा देणार.

"नजर आत नाही म्हणजे?" हॉलच्या व्हरांड्यात प्रोजेक्टर मांडता मांडता जयतीर्थने विचारलं. "मला पडदाच दिसणार नाही, तर चित्र नीट आहे की धुरकट, कळायचं कसं?"

वसुमतीने उत्तर आधीच शोधून ठेवलं होतं. खिडकीवर जाड जमखाना टांगला होता. त्याला भोक पाडून फक्त भिंग आत जाणार. भिंगाखालून तिने एक लांब सुती दोरा बाहेर सोडला.

"हे टोक तुमच्या मनगटाला बांधा. दुसरं माझ्या बोटाला. एक हिसका म्हणजे चित्र अस्पष्ट. दोन म्हणजे बंद करा."

"आणि तीन?"

"तीन म्हणजे... सगळं ठीक, चालू द्या."

"सरी, ठीक." त्याने मनगट पुढे केलं. "पण एका हाताने मला गाठ यायची नाही, टीचर."

येत होती. ज्या माणसाला अंधारात फिल्म जोडता येते त्याला गाठ येत नाही म्हणे! वसुमतीला ते कळलं होतं, तरी तिने गाठ बांधली. तिच्या वेणीतल्या मोगऱ्याचा वास होता, त्याच्या हाताला मशीनच्या तेलाचा. दोघंही दोऱ्याकडेच बघत होती.

"फारच घट्ट बांधलीत गाठ," तो हळूच म्हणाला.

"आजचा बोभाटा झाला तर माझी नोकरी जाईल. तुमची नाही."

तो हसायचा थांबला. "तुमचा हिसका आल्याशिवाय मी बंद करणार नाही. कोणीही सांगू दे."

अडीच वाजता साठ मुली हॉलमध्ये जमिनीवर बसल्या. वेंकूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या. बाहेर रघोजीरावांच्या काठीची ठकठक आली आणि थांबली. दिवा मालवला.

पडद्यावर नुसता धुराचा गोळा आला. वसुमतीने बोट ओढलं. एक. पलीकडून भिंग किंचित फिरलं आणि चित्र स्वच्छ झालं. फिल्म इंग्रजी होती, म्हणून आवाज बंद ठेवून तीच तमिळमध्ये सांगू लागली. पहिली दोन वाक्यं तिची तिलाच ऐकू गेली नसतील. मग शब्द सापडले. मुलींच्या माना आधी खाली गेल्या, मग एकेक करून वर आल्या.

तिने सांगितलं, "आणि हे सुरू झालं म्हणजे तुम्हाला काही रोग झालेला नाही. माझं सुरू झालं तेव्हा मी आजोबांना सांगितलं होतं, मला वाघ चावला."

साठ मुली खदखदून हसल्या. दबून राहिलेलं सगळं हसू एकदम फुटलं.

काठी आपटली. "काय चाललंय? हसताहेत? असल्या गोष्टीवर हसताहेत?" रघोजीरावांचा आवाज जमखान्यातून सरळ आत आला. "ए, बंद कर ते!"

मुलींनी तोंडावर हात दाबले.

"हिसका आला नाही, रघोजीराव," बाहेरून जयतीर्थ शांतपणे म्हणाला.

"कसला हिसका? मी सेक्रेटरी आहे शाळेचा! त्रिचीला कळवीन, नोकरीवरून काढीन तुला!"

"काढा. पण टीचर सांगतील तेव्हाच बंद होईल."

चंद्रमती घरघरत राहिली. वसुमतीचं काळीज तिच्याहून जोराने घरघरत होतं. आता आपल्यासोबत त्याचीही नोकरी जाणार. दोन हिसके दिले की संपलं... सगळेच सुटतील. तिने बोट वाकवलं. वेंकूबाई तिच्याकडेच बघत होत्या. खणातला कागद त्यांच्याही डोळ्यांपुढे असणार.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत कोणीतरी उभं राहिलं. अंबा.

"टीचर..." आवाज चिरका झाला होता. "मग मी मरणार नाही?"

कोणी हसलं नाही.

"दीपावळीपासून येतंय मला. मी पहाटे विहिरीवर जाऊन सगळं धुते. नायनांना सांगितलं नाही. अम्मापण रक्त जाऊनच गेली ना... मला वाटलं, आता मीपण जाणार. सांगितलं तर नायना रडतील."

बाहेर तिच्या वडलांच्या, रघोजीरावांच्या हातातली काठी पडल्याचा आवाज झाला.

वसुमती धावत मागे गेली आणि पोरीला तिने पोटाशी धरलं. बोटाचा दोरा ताणला गेला, पण तुटला नाही. "नाही गं राजा, नाही मरणार तू! म्हातारी होशील, नातवंडांना रागे भरशील." ती स्वतः रडत होती आणि तिला त्याची लाज वाटली नाही. तीन महिने! तीन महिने या लेकराने रोज मरणाची वाट पाहिली, आणि आपण तिला वर्गात 'लक्ष कुठे आहे' म्हणून ओरडलो.

मग जमखान्यापलीकडून रघोजीरावांचा आवाज आला. ओळखू येणार नाही इतका बारीक.

"टीचरम्मा... थांबवू नका. शेवटपर्यंत दाखवा."

वसुमतीने डोळे पुसले आणि दोरा ओढला. एक, दोन, तीन.

फिल्म संपल्यावर चिठ्ठ्यांचा डबा फिरला. नाव न लिहिता काय हवं ते विचारा, एकही चिठ्ठी मी सोडणार नाही, असं वसुमतीने कबूल केलं होतं. एक्केचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. मुरमं का येतात, उगाच रडू का येतं, त्या दिवसांत लोणच्याला शिवलं तर खरंच नासतं का... तिने सगळ्यांना उत्तरं दिली. साडेचार वाजता मुली कलकलत बाहेर पडल्या. दारात रघोजीराव उभे होते. त्यांनी अंबाचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि दोघं घराकडे गेली.

हॉलमध्ये वेंकूबाई आणि वसुमती उरल्या. बाहेर जयतीर्थ फिल्म गुंडाळत होता. त्याला पाच वाजता ओरत्तनाडूला निघायचं होतं. पाच वाजता! ती तर त्याच्याशी धड बोललीसुद्धा नव्हती, आणि आता काय निमित्ताने बाहेर जायचं ते तिला सुचेना.

खिडकीच्या कट्ट्यावर, जमखान्याच्या भोकाशी ठेवलेला रिकामा डबा वेंकूबाईंनी उचलला. आत काहीतरी सळसळलं.

"एक राहिली वाटतं." त्यांनी चष्मा लावला. अक्षरं तमिळ, भाषा मराठी. आमच्याकडे घरोघरी अशीच पत्रं लिहितात, त्यात नवल नाही. वेंकूबाईंनी ती वर्तमानपत्र वाचावं तशी वाचली: "'प्रश्न. येत्या रविवारी माझी अम्मा तुमच्या घरी काफी प्यायला आली तर चालेल का? मीपण येईन. चंद्रमतीला आणणार नाही.'"

वसुमतीचे कान तापले. जमखान्यापलीकडची खुडबुड एकदम बंद झाली.

"माझ्याकडे काय बघतेस?" वेंकूबाई म्हणाल्या. "एकही चिठ्ठी सोडणार नाही म्हणून तूच कबूल केलंस." त्यांनी खणातून बरोबर आणलेला राजीनामा पदराआडून काढला आणि टराटरा फाडला. "पुढच्या वर्षीही फिल्म आणायची, लक्षात ठेव. लग्न झालं तरी." आणि त्या निघून गेल्या. ओठांच्या कोपऱ्यातलं हसू त्यांनी लपवलं, पण ते तिला दिसलंच.

दोरा अजून बोटालाच होता. तिने तो हळूच ताणला. पलीकडे गाठ अजून सुटलेली नव्हती.

तिने एक हिसका दिला.

"अस्पष्ट लिहिलंय का?" बाहेरून घाबरा आवाज.

तिने ओठ दाबून हसू आवरलं आणि दुसरा दिला.

पलीकडे स्क्रूड्रायव्हर खाली पडला. सकाळपासून तिने केवढा जीव मुठीत धरला होता. त्यालाही जरा कळू दे की! तिने मनात पाच आकडे मोजले. सहावा तिलाच मोजवेना.

तिने तिसरा हिसका दिला.

"चंद्रमती," बाहेर कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "ऐकलंस का गो?"