तुलना बंद कर

हे माझ्यासोबतच घडलंय. ऐकीव नाही. आणि रात्र वगैरे नव्हती... रविवारची भर दुपार होती. खिडकीतलं ऊन थेट कीबोर्डवर पडलं होतं.

ऑफिसात मी एकटा.

आमचं काम किचकट. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे कंपायलर, आम्ही एका ऑपरेटिंग सिस्टीमवरून दुसरीवर नेत होतो. त्यातूनच पुढे दवाखान्यातल्या सलाईन पंपाचा प्रोग्राम बनणार होता. सोमवारी द्यायचं होतं, आणि कंपायलरची बांधणी, आमचा बिल्ड, काही केल्या पुरा होईना.

आम्ही म्हणजे मी आणि मास्तर. शिक्षक नव्हता तो. समजावत बसायची खोड, म्हणून मास्तर. कॉलेजपासूनचा दोस्त. काही दिवस तापाने घरीच होता.

मोबाईल वाजला. मी हेडफोन लावला.

"काय रे, अडकलास ना?"

मास्तर! जिवात जीव आला.

"फाइल सापडत नाही म्हणतोय."

"नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे. जुन्या सिस्टीमला चालायचं. नवीला नाही चालत."

खरंच तसं होतं.

पुढची एरर आली. मी वाचायच्या आत त्याने उत्तर सांगितलं.

त्यापुढचीही.

मग जाणवलं... त्याच्याकडून दुसरा काही आवाजच येत नव्हता. पंखा नाही. खोकला नाही.

दोन वाक्यांमध्ये श्वाससुद्धा नाही.

"बरा आहेस ना?"

"काम कर."

शेवटची एरर उरली. नवा कंपायलर स्वतःलाच दोनदा बांधतो आणि त्या दोन्ही प्रती तंतोतंत जुळाव्या लागतात. आमच्या जुळत नव्हत्या, म्हणजे कंपायलर कुठेतरी चुकीचं उतरवत होता.

"तुलना बंद कर," तो म्हणाला.

मला हसू आलं. ही तपासणी कधीच वगळायची नाही, हा नियम त्याचाच.

"थट्टा करतोस?"

"माझ्यावर भरवसा नाही?"

अगदी कानाला लागून आला आवाज...

हेडफोन तर मी मघाशीच काढून टेबलावर ठेवला होता.

मी तुलना बंद केली. बिल्ड पुरा झाला. पाठवूनही दिला.

"झालं रे, मास्तर!"



संध्याकाळी वहिनींचा फोन. सकाळीच त्याला आयसीयूत नेलं होतं. दुपारी गेला.

"त्याचा मोबाईल?" माझ्या तोंडून निघालं.

"घरीच राहिला. बंद पडलाय."

दोनच दिवसांनी पंपवाल्यांनी कळवलं. चाचणीत पंप थांब म्हटलं तरी थांबला नाही. नशीब, सुई कुणाच्या हातात टोचलेली नव्हती.

मला रडू येईना. नुसता संताप. ज्याच्या शब्दावर मी डोळे मिटून चाललो, त्यानेच मला खड्ड्यात घातलं होतं.

साहेबांनी विचारलं, तपासणी कुणी बंद करायला लावली? मी सांगून टाकलं... मास्तरने.

ते वहिनींच्या कानावर गेलं. त्यांनी घरी बोलावलं.

"भाऊजी, गेलेल्या माणसावर ढकललंत?"

मी सगळं सांगितलं. शपथेवर.



"शुद्धीत होते तोवर तुमचंच नाव घेत होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणायचे, त्याला फोन लाव. सांग, कुणी काही म्हणू दे, तुलना बंद करू नकोस."

"पण मला फोन आलाच नाही," मी म्हणालो.

"मी लावत होते, भाऊजी. दुपारभर. तुमचा फोन एंगेज..."

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"तुम्ही कुणाशी बोलत होतात?"