कॅप्टनचं शेवटचं वाक्य

"तळ्यात माणूस! तळ्यात माणूस आहे!" असं ओरडत माळी धावत आला, तेव्हा हेस्टर बागेतच होती. आत्या "जाऊ नकोस गं!" म्हणेपर्यंत ती तळ्याकाठी पोचलीसुद्धा.

ऑक्टोबरातलं धुकं अजून उठलं नव्हतं. माळ्यानं प्रेत काठावर ओढून घेतलं होतं. तिशीचा माणूस, साधा काळा कोट. चेहरा उन्हानं पार रापलेला, पण भुवयांच्या वरचं कपाळ दुधासारखं पांढरं. हेस्टर वाकून पाहू लागली. असं कपाळ आपण कुठंतरी पाहिलंय. कुठं, ते मात्र काही केल्या आठवेना.

थोड्या वेळानं इन्स्पेक्टर क्विलम आले. त्यांना सर्दी झाली होती आणि त्यांचं मत आधीच बनलं होतं.

"शेतमजूर," ते नाक पुसत म्हणाले. "टोपी घालून उन्हात राबतात, म्हणून कपाळ तेवढं गोरं राहतं. काल रात्री दारू ढोसली असेल, धुक्यात वाट चुकला, संपला."

"खिशात काय सापडलं?" हेस्टरनं विचारलं.

"काही नाही."

"साधा रुमालसुद्धा नाही? आणि हात बघा त्याचे. एक घट्टा नाही. नांगर धरणाऱ्याचे हात असे असतात?"

क्विलमनी हात पाहिले. मग जरा चमकून तिच्याकडे पाहिलं.

"बाईसाहेब, सोमवारी तुमचं लग्न आहे ना? मग हे असलं डोक्यातून काढा."

लग्न होतं खरं, आणि मनापासून होतं. हेस्टरचा भाऊ एडमंड बर्मातल्या लढाईत गेला. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या पलटणीतला जिवलग मित्र, कॅप्टन लायनेल स्ट्रोड, त्यांच्या दारात येऊन उभा राहिला, आणि पाहुणा म्हणून घरीच राहिला. उंच, सावळलेला, कपाळापासून गळ्यापर्यंत एकसारखा तांबूस. एडमंडच्या पत्रांतून नावानं ओळखीचा, पण कधी न पाहिलेला. त्यानं एडमंडचे शेवटचे शब्द आणले होते. 'हेस्टरला सांग, शेवटपर्यंत मी घाबरलो नाही.'

लहानपणी हाच एडमंड अंधाराला भिऊन तिचा हात धरून झोपायचा. त्या एका वाक्यानं हेस्टर ढसढसा रडली, आणि ते वाक्य आणणाऱ्याच्या प्रेमात पडली. दुसरं काय होणार होतं?

क्विलमनी कॅप्टनलाही विचारलं.

"काल संध्याकाळी कुठं होतात?"

"खोलीत. डोकं दुखत होतं."

"बाहेर पडला नाहीत?"

"असल्या धुक्यात? वेड लागलंय का मला!"

"मेलेल्याला ओळखता?"

"गावातला कुणी असेल. मी इथं नवखा, साहेब."

एवढ्यावर चौकशी आटोपली.

चर्चच्या छपरासाठी पैसे जमवायला शनिवारी घरातच नाटक करायचं ठरलं होतं. एक कफल्लक तरुण श्रीमंत मित्राचं नाव लावून एका बाईला मागणी घालतो, असं हलकंफुलकं प्रहसन. कॅप्टन नायक, हेस्टर नायिका, पुस्तक हातात धरून चुका काढायला पाद्री टिस्डेल. "मी जन्मात रंगमंचावर पाय ठेवला नाही," असं कॅप्टन पहिल्याच दिवशी म्हणाला होता. तरी काम असं झकास करायचा की आत्या हसून हसून डोळे पुसायची.

घरच्या तळ्यात मढं सापडलं म्हणून तालीम थांबली नाही. पाद्री म्हणाले, छप्पर काही थांबायचं नाही.

नायक बाहेरगावाहून येतो तो प्रवेश. कालपर्यंत कॅप्टन आत्याची विणकामाची टोपली हातात घेऊन आत यायचा. आज चक्क चामडी बॅग होती. कोपऱ्यावर एल. एस. ही अक्षरं, आणि तुटलेल्या पट्ट्याला हिरवी दोरी बांधलेली.

"चला, एकदाची बरी बॅग मिळाली!" आत्या म्हणाली. "इतके दिवस कुठं लपवली होतीत?"

"ट्रंकेच्या तळाशी होती, आत्याबाई."

"बॅग मिळाली तशी कॉलरची पण काळजी घ्या. धोबीण नुसती ठणाणा करतेय. आतून तपकिरी होतात म्हणे, साबणाला दाद देत नाहीत."

"बर्माचं ऊन," कॅप्टन हसला.

पाद्रीसाहेब खूश होऊन शीळ घालायला लागले.

"बंद करा ते!" कॅप्टन असा काही कडाडला की पाद्र्यांची शीळ ओठातच विरली. हेस्टरनं दचकून आत्याकडे पाहिलं. आत्याचाही चेहरा उतरला होता. आणि तोही शीळ वाजली अगदी त्याच क्षणाला.

नाटक शेवटाला आलं. कॅप्टन गुडघ्यावर बसला, हेस्टरचा हात हातात घेतला, आणि हवेत हात फिरवून म्हणाला, "वगैरे, वगैरे. पडदा!"

"अहो, शेवटचं वाक्य?" पाद्री म्हणाले. "एकाही तालमीत बोलला नाहीत तुम्ही."

"पाठ आहे. शनिवारी बोलेन."

ते वाक्य हेस्टरनं पुस्तकात वाचलं होतं, आणि त्याच्या तोंडून ऐकायला तिचे कान आसुसले होते. पण आज तिच्या मनात दुसरंच काही वळवळत होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

तालीम संपताच तिनं आत्याला जिन्यात गाठलं.

"आत्या, शीळ ऐकून तू का दचकलीस?"

"मी? छे!"

"आत्या."

आत्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि मटकन पायरीवर बसली. "कुणाला बोलशील तर खबरदार. लग्न होण्याआधी मी बाथ शहरातल्या नाटकमंडळीत होते. सासूबाईंना सांगितलं, मी डीनची, मोठ्या पाद्र्याची, पुतणी. सगळी सोंगं आणता येतात पोरी, तेही आणलं. पण नाटकवाल्यांच्या सवयी हाडात मुरतात. रंगमंचाजवळ शीळ घातली की घात होतो, असं आम्ही मानायचो."

"आणि शेवटचं वाक्य?"

"ते तालमीत कधीच बोलायचं नाही. बोललं की नाटक बुडालंच म्हणून समज."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

"अगं बाई," आत्या पुटपुटली. "हे बाहेरच्या माणसाला ठाऊकच नसतं."

त्या क्षणी हेस्टरला ते कपाळ आठवलं. एडमंड रजेवर यायचा तेव्हा त्याचं कपाळ तसंच असायचं, भुवयांपर्यंत काळा आणि वर पांढराफेक. किती चिडवायची ती त्याला!

म्हणजे तळ्यातला माणूस पलटणीतला होता. तिनं शाल ओढली आणि एकटीच क्विलमकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं, नाक पुसलं, आणि या वेळी हसले नाहीत. फक्त म्हणाले, "चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. दाराला आतून कडी लावून झोपा."

शनिवारी दुपारी रंगीत तालीम ठेवली. क्विलम मागच्या खुर्चीत बसले. शेजारी स्टेशनवरचा हमाल, टोपी मांडीवर घेऊन. कॅप्टन गुडघ्यावर बसला, हात फिरवून म्हणाला, "वगैरे, वगैरे."

"आज बोला ना," हेस्टर म्हणाली. "माझ्यासाठी."

"रात्री बोलेन, राणी."

"नाही बोलणार तुम्ही. कुठलाच नट तालमीत बोलत नाही."

कॅप्टनचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याचा हात तिच्या हातात गार पडला.

नटांचा तेलकट रंग स्निग्धानंच सुटतो, म्हणून हेस्टरनं चहाच्या ट्रेमधल्या मलईत रुमाल बुडवला आणि त्याच्या कपाळावरून हळूच फिरवला, तापकऱ्याचं कपाळ पुसावं तसा. मग गालावरून. रुमाल तपकिरी झाला. खालचं कपाळ पांढरं, आणि गालही पांढरेच.

"बर्मात टोपीशिवाय कुणी शिपाई उन्हात फिरत नाही," ती म्हणाली. "खऱ्याचं कपाळ गोरंच राहतं. तळ्यातल्या माणसाचं होतं तसं. तुम्ही रंग मात्र सगळीकडे सारखा फासलात, आणि तो रोज कॉलरला लागला."

"हेस्टर, राणी, काय हा वेडेपणा! मी स्ट्रोड आहे."

"कॅप्टन स्ट्रोड रंगूनच्या इस्पितळात तापानं पडला होता," क्विलम उठत म्हणाले. "पलटणीची तार आलीय. तो बोटीतून उतरला गेल्या आठवड्यात. तुम्ही तर इथं दोन महिने जेवताय. त्याच इस्पितळात, तापातून उठलेला एक फिरता नटही होता म्हणे."

"तो वाचणार नाही असं धरून चाललात," हेस्टर म्हणाली. "त्याच्याकडून माझ्याबद्दल, एडमंडबद्दल सगळं ऐकलंत, आणि त्याचं नाव घेऊन निघालात. पण तो वाचला. मंगळवारी फाटकाशी आला, आणि त्याला तुम्हीच भेटलात. त्याचे खिसे रिकामे केलेत. बॅग मात्र ठेवलीत. अक्षरं एल. एस.! तुमच्याच नावाची! उघड्यावर ठेवली तरी कोण विचारणार?"

"मी विचारीन," हमाल पुढं आला. "मंगळवारी संध्याकाळच्या गाडीनं उतरला होता तो साहेब. पट्टा तुटला होता. माझ्या निशाणाची हिरवी दोरी मीच बांधून दिली. आणि या घराची वाट त्यानं मलाच विचारली होती."

कॅप्टननं बॅगेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दारात पोलीस शिपाई उभा होता. मग त्याचे खांदे खाली आले.

"एक विचारते," हेस्टर म्हणाली. "एडमंडचे शेवटचे शब्द. ते स्ट्रोडनं सांगितले होते ना? निदान ते तरी?"

"नाही. तो म्हणायचा, तो निरोप मी तिलाच सांगेन, आणखी कुणाला नाही. मग मी रचलं. मरताना माणसं असंच काहीतरी म्हणतात." तो थांबला. "नाटकात."

हेस्टर खाली बसली. एडमंडचा निरोप बर्मापासून फाटकापर्यंत आला होता. ती आत दिव्याजवळ बसून नायिकेची वाक्यं घोकत होती, आणि बाहेर तो निरोप तळ्यात बुडाला होता. आता तो तिला कधीच कळणार नव्हता.

शिपायानं बेड्या घातल्या. दाराशी तो वळला, ताठ उभा राहिला, आणि इतके दिवस अडवून ठेवलेलं वाक्य भरल्या, सुंदर आवाजात बोलला.

"नाव तेवढं उसनं होतं, बाईसाहेब. प्रेम माझं स्वतःचं आहे."

आणि तो थांबला. का थांबला, ते आत्याला सर्वांच्या आधी कळलं. तो टाळ्यांची वाट पाहत होता.

हेस्टरचे हात नकळत उचलले गेले होते. तिनं ते मांडीवर घट्ट दाबून धरले, आणि शिपाई त्याला बाहेर नेईपर्यंत सोडले नाहीत.