सहा नंबरच्या आजी

विश्वास ठेवा, नका ठेवू. हे माझ्या सख्ख्या बहिणीबरोबर घडलंय.

रात्र-बित्र नव्हती. मंगळवारची भर दुपार. हॉस्पिटलचा दुसरा मजला, सहा नंबरची खोली.

ताई तिथे डॉक्टर. आम्ही कॅथलिक, त्यात ताई जरा जास्तच. आई थट्टेनं म्हणायची, "हिला ताप आला तरी आधी देवाला विचारेल, मग गोळी घेईल."

सहा नंबरमध्ये एक आजी होत्या. जन्मभर शिवणकाम केलेल्या. कॅन्सर हाडांत उतरलेला, वाचा गेलेली.

त्यांच्या मुलानं हात जोडले. "डॉक्टर, बघवत नाही हो. एक इंजेक्शन द्या, मोकळं करा तिला."

"दुखणं थांबवायला लागेल तेवढं औषध देईन," ताई म्हणाली. "जीव घ्यायला नाही देणार. माझ्याच्यानं होणार नाही."

मोठ्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. "तुझं म्हणणं मान्य आहे. तू बाहेर थांब. मी देतो."

नका देऊ म्हणून तिनं खूप विनवलं. कोणी ऐकलं नाही.

ती वळली, तेवढ्यात... आजींनी तिचं मनगट धरलं.

घट्ट.

जाऊ नकोस म्हणत होत्या? की तूच दे म्हणत होत्या?

ताईला कळलं नाही. तिनं त्यांचं एकेक बोट सोडवलं आणि बाहेर गेली.

साडेतीनला आजी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर आला. दोन्ही हात प्लास्टरमध्ये. ताई वाकून त्याची छाती तपासत होती.

अचानक... मनगटावर बोटं.

सुई टोचून टोचून खरखरीत झालेली.

ड्रायव्हर म्हणाला, "डॉक्टर, तुमचा हात असा पांढरा का पडला?"

घड्याळात साडेतीन.

ताईनं चर्चमध्ये जाऊन फादरना सगळं सांगितलं.

"बाळ, तू नाही म्हणालीस ते बरोबरच केलंस."

"पण फादर, मी तिथे थांबायला हवं होतं का?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिनं वॉर्ड बदलला. मग हॉस्पिटल बदललं. रोजचे साडेतीन काही चुकले नाहीत.

परवा मी मुद्दाम साडेतीनच्या आधी तिच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. पंखा बंद, दार बंद. आम्हा दोघांशिवाय कोणीच नव्हतं.

मग... तिच्या कोटाची बाही आपोआप आवळली गेली.

"आजी," ताई हळूच म्हणाली, "काय हवंय? सांगा ना."

बाही तशीच आवळलेली राहिली.

बऱ्याच वेळानं ती उठली, तोंड धुतलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी जिना उतरलो. गाडीत बसलो. चावी फिरवायला हातच उचलेना; मनगट कोणीतरी घट्ट धरलं होतं.