उडीचं बटण

सीताबर्डीत एका अरुंद जिन्याच्या वर सरिताताईंचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. जानेवारीतल्या एका शनिवारी मुग्धा तिथल्या काउंटरशी उभी राहिली आणि नवस बोलावा तशा गंभीर आवाजात म्हणाली, "जो सगळ्यात ताकदीचा असेल तो द्या."

तिला हवा होता पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक. एकाच हिरव्या पाटीवर सगळं बसवलेला. टीव्हीला जोडला की लहानपणचे कॅसेटवाले गेम त्यावर खेळता येतात म्हणे. तिने मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले होते आणि चौघांनी चार दिशा दाखवल्या होत्या. सरिताताई डबा काढतात न काढतात तोच शेजारी वायरी निवडत उभा असलेला एक उंच मुलगा, त्याला कोणी विचारलेलं नसताना, बोलला.

"टीव्ही कोणता आहे घरी?"

मुग्धाने वळून पाहिलं. चष्म्याच्या काचेवर बोटाचा ठसा, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर, आणि डोळे... डोळे मात्र तो ठसा ओलांडून थेट पाहणारे.

"जुना," ती म्हणाली. "मागे ढेरी असलेला."

"मंग हा घेऊ नका. याले फक्त नवीन टीव्हीची भाषा येते. रास्पबेरी पाय नावाचा बोर्ड घ्या, पण तीन नंबरचा. त्याले गोल भोक आहे, तुमची लाल-पांढरी-पिवळी वायर त्यात लागते. भावही निम्मा. जुन्या गेमले एवढी ताकद म्हणजे उंबरठा ओलांडायले विमान."

सरिताताईंनी कपाळाला हात लावला आणि मुकाट्याने दुसरा डबा काढला. तो मात्र थांबेना. चार्जर चांगलाच का हवा, कार्ड किती मोठं पुरे, वर पंखा लावायची हौस कशी फुकट... मुग्धा हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राहिली.

"पूर्वरंग छान झाला," शेवटी ती म्हणाली. "आता आख्यान लावता का? घ्यायचा तो हाच ना?"

तो क्षणभर गोंधळला, मग खळखळून हसला. तुम्ही कीर्तन करता का, असं त्याने विचारलं. वडील करतात, ती म्हणाली... आणि 'करायचे' हा शब्द तिने आतल्या आत गिळला.

मार्तंडबुवांचं कीर्तन नागपूरच्या बेसा भागातल्या राममंदिरात बावीस वर्षं रामनवमीला होत आलं होतं. ऐन जन्माच्या घटकेला, दुपारी बाराला, त्यांचा आवाज असा चढायचा की कठोर माणसाच्याही गळ्यात हुंदका यावा. दिवाळीनंतर त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला. वाणी वाचली, पाय वाचले. उजव्या हाताचा अंगठा तेवढा झोपी गेला, आणि अंगठ्याशिवाय चिपळ्या वाजत नाहीत. नारदाच्या गादीवर रिकाम्या हाताने उभा राहणार नाही, असं बुवांनी जाहीर करून टाकलं. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्यांनी तुळशीच्या कुंडीत पुरला. इकडे मंदिराची मंडळी हळूच विचारू लागली की यंदा दुसरे बुवा बोलवायचे का. मग मुग्धाला आठवलं, आपण सात-आठ वर्षांच्या असताना हेच बाबा माकडाच्या गेमपुढे तासन्‌तास बसायचे आणि अंगठा नुसता नाचायचा.

हे सगळं तिने एका अनोळखी मुलाला, दुकानाच्या जिन्यात उभं राहून सांगून टाकलं. का, ते तिलाही कळलं नाही. त्याचं नाव विहंग. कामठीला राहायचा, तिथल्याच पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत शिकवायचा. रविवारी येऊन लावून देतो, म्हणाला.

रविवारी तो आला. टीव्हीच्या मागच्या धुळीत दोघं गुडघ्यांवर बसले, मुग्धाच्या हातात टॉर्च.

"टॉर्च वायरीवर धरा न, माझ्या तोंडावर काहून?"

"वायरीवरच धरलाय. तोंड मध्ये येतंय."

"मंग काढू तोंड?"

"...राहू द्या."

पलीकडून यमुताईंनी, म्हणजे मुग्धाच्या आईने, चित्र आलं का म्हणून विचारलं. चित्र केव्हाच आलं होतं.

पडद्यावर माकड उभं राहिलं तसे बुवा खुर्चीत पुढे सरकले. हा तर मारुतीराया, म्हणाले, आणि हात जोडून मगच त्यांनी कंट्रोलर घेतला. डाव्या अंगठ्याने माकड चालतं, उजव्याने उडी मारतं. पहिल्याच खड्ड्याला बुवांनी 'समुद्र' नाव दिलं. माकड चाललं, काठाशी आलं... उजवा अंगठा बटणावर नुसता पडून राहिला. माकड बुडालं. सात वेळा बुडालं. बुवांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि भिंतीवरच्या चिपळ्यांकडे पाहिलंही नाही.

मुग्धा आत कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या तळत होती. बाहेरून अचानक "जय बजरंगबली" असा गजर आला. ती झारा हातात घेऊनच धावली, तर मारुतीराया समुद्रापलीकडे. काय केलंत, तिने विचारलं. थोडी सेटिंग, विहंग म्हणाला, आणि वडी तोंडात कोंबली. पुढचं काही बोलावं लागू नये इतकी मोठी.

मग काय विचारता. दर बुधवारी, दर रविवारी विहंग येऊ लागला. कधी कार्ड तपासायला, कधी वायर बदलायला, कधी काहीच हातात नसताना. बुवा रोज नवा मुलूख जिंकत होते. यमुताईंनी त्याच्यासाठी वेगळी वाटी ठरवून टाकली. दिवाळीपासून कापडाखाली झाकलेली पेटी मुग्धाने बाहेर काढली, आणि ती वाजवत असली की विहंग माकडाकडे पाठ करून बसायचा. बुवांच्या लक्षात यायचं. ते गालात हसून खेळत राहायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी, एका अवकाळी पावसाच्या संध्याकाळी, बुवा चहाला उठले तेव्हा मुग्धाने सहज कंट्रोलर घेतला. काठाशी येऊन तिने उजवं बटण दाबलं. माकड गेलं खाली. पुन्हा दाबलं, पुन्हा खाली. मग डावीकडचा वरचा बाण दाबला, आणि माकडाने सुरेख उडी घेतली.

सगळं डाव्या अंगठ्यावर होतं. महिनाभर उजवा अंगठा झोपूनच होता. आणि रामनवमीला महिना उरला होता.

विहंग पायऱ्यांवर बूट काढत होता. तिने त्याला तिथेच अडवलं. रागावली की तिच्या तोंडून सरळ नागपुरी यायची.

"बटण काहून बदललं?"

त्याने मान खाली घातली. "सात वेळा बुडालं न ते. बुवांचं तोंड पाहवलं नाही मले."

"की हात बरा झाला तर येणं संपेल, म्हणून?"

शब्द निसटल्यावर तिला वाटलं, परत घ्यावा. पण तो रागावला नाही. हातातला बूट त्याने पायरीवर ठेवला.

"त्या दिवशी नाही," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी फक्त तोंड पाहवलं नाही. नंतर... रोज ठरवत होतो सांगायचं. रोज राहून जाऊन राहिलं होतं. ते मात्र तुम्ही म्हणता त्याच्यासाठीच."

तिला वाटलं, आता हा पाठ फिरवून जाईल. तो आत गेला. बुवांच्या समोर खाली बसला आणि सगळं सांगितलं, एक शब्द मऊ न करता. गेमचं टिंगटिंग संगीत तेवढं वाजत होतं.

"म्हणजे महिनाभर समुद्र तू ओलांडलास," बुवा म्हणाले. "मी नुसता हात जोडत होतो."

"हो, बुवा."

"दया वाईट नसते रे. पण ती विचारून करावी." त्यांनी कंट्रोलर पुढे केला. "माझं बटण परत दे."

त्या दिवसापासून मारुतीराया रोज बुडू लागला. आणि विहंग रोज येऊ लागला. कॉलेज सुटलं की कामठीहून बस, मग ऑटो, मग बुवांच्या शेजारची चटई. तो 'छान' म्हणायचा नाही, 'होईल' म्हणायचा नाही. नुसता बसायचा. बुवा चिडायचे, गाढवा म्हणायचे, कंट्रोलर उशीखाली लपवायचे. तो यमुताईंना डोळ्यांनी विचारायचा, उशी कोणती, आणि काढून पुन्हा हातात द्यायचा. पेटीमागून मुग्धा पाहत असायची. ज्या अंगठ्याच्या बरं होण्याने याचं इथलं येणं संपणार, त्याच अंगठ्याला हा रोज कोमट तेल लावत होता. तिचा एक सूर चुकला की तो वळून पाहायचा. हल्ली बरेच चुकत.

मार्चच्या मध्यावर एका संध्याकाळी माकड काठाशी आलं, थबकलं... आणि उडालं. बुवांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते आपल्या अंगठ्याकडे पाहत होते, पाळण्यातल्या बाळाकडे पाहावं तसे. यमुताईंनी देवापुढचा गूळ आणला आणि पहिला खडा विहंगच्या हातावर ठेवला.

रामनवमीला मंडप भरून गेला. बुवांनी चिपळ्या उचलल्या. पहिल्याच अभंगात एक निसटून पडली. बुवा वाकले, उचलली, म्हणाले, "बघा, रामाच्या नावाने लाकूडसुद्धा उड्या मारतं," आणि हशा ओसरायच्या आत चिपळ्या पुन्हा वाजू लागल्या. बाराच्या ठोक्याला आवाज तसाच चढला. पेटीवर मुग्धाची बोटं ओली झाली होती.

सुंठवडा वाटून झाल्यावर तिने शोधलं, तर तो मंडपाच्या टोकाला खांबाशी उभा.

"चला," तो म्हणाला. "आता काही काम राहिलं नाही. बोर्डही बुवा स्वतःच लावून घेतात."

"बुधवारी या."

"काहून? काय बिघडलं?"

"काही नाही." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "काही बिघडल्याशिवाय येताच येत नाही का तुम्हाला?"

त्याने तळहातावरचा सुंठवडा मुठीत धरला.

"मुग्धा... तू आवडते मले. लय दिवसांपासून."

तिला जे वाटलं ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून तिने खूप केलं. आलंच.

"मलाही," ती म्हणाली. "पण हे बाबांसमोर बोलशील?"

"त्यांच्यासमोर एकदा खरं बोललो न. तेव्हाच जीव गेला होता. आता काय जाते."

ती हसली आणि बाबांकडे निघाली. पलीकडे बुवा गळ्यातला हार उतरवत होते, माणसं पाया पडत होती. फरशी उन्हाने तापलेली. तो चपला विसरून तिच्यामागे निघाला, आणि चार पावलं गेल्यावर मुग्धाने वळून न पाहता आपला हात मागे केला.