शिडीवरची पाठराखीण

हे घडलेलं आहे. तुम्ही विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. दुसऱ्या कुणी मला सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

जागा शहापूर. साल २००३. तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं.

आणि रात्र नव्हती. दिवेलागणीची वेळ होती. रस्त्यावर माणसं होती, कोपऱ्यावरच्या गाडीवर वडे तळत होते.

तरी ते घडलं.

माझं नाव महिपत. मुरबाडला एका लहान कारखान्यात मी फिटर होतो. आम्ही इमारतींना लावायच्या घडीच्या शिड्या बनवायचो. आग लागली आणि जिना धुराने भरला, तर खिडकीतून बाहेर उतरण्यासाठी. बंद असली की भिंतीला चिकटलेला जाड पाइप वाटतो. वरच्या खिडकीशी एक पिन असते. ती ओढली की बाहेरचा दांडा भिंतीपासून सुटतो आणि पायऱ्या वरून खाली एकामागून एक आडव्या पडतात.

खट्... खट्... खट्...

तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन.

शहापूरच्या त्या तीन मजली बिल्डिंगला शिडी आम्हीच लावली होती. कारण उन्हाळ्यात तिथे वरच्या मजल्यावर स्टोव्ह भडकला होता. आग दाराकडे लागली. आत एकटी बाई होती. ती खिडकीत येऊन उभी राहिली. खाली लोक जमले, ओरडले, कुणीतरी चादर धरली. ती उडी मारू शकली नाही. खिडकीबाहेर पाय ठेवायला काहीच नव्हतं.

त्या बाईचं नाव गंगी. ती माझ्या बायकोच्या, मालूच्या माहेरची. सिद्धगडाच्या पायथ्याचं गाव. दोघी एका विहिरीवर पाणी भरत वाढलेल्या.

लोकांनी बोंबाबोंब केली म्हणून बिल्डिंगच्या मालकाने शिडी बसवून घेतली. पिन त्याच खोलीच्या खिडकीशी आली. काम होताच मालकाने खोलीला कुलूप घातलं.

माझा जोडीदार राघो म्हणाला, "शेठ, पिन आत आणि कुलूप भायेर? मग शिडी कुणासाठी?"

"भाडेकरू आला की उघडेन," मालक म्हणाला.

आमच्याकडे एक रीत होती. शिडी लावली की आमच्यातला एक जण वरून खाली उतरायचा. जिवंत माणसाचा पाय लागल्याशिवाय शिडी ताब्यात द्यायची नाही. त्या दिवशी मालक किल्ली घेऊन निघून गेला. शिडी कुणीच उतरलं नाही.

दिवाळीनंतर कारखान्यात फोन आला. बिल्डिंगचा वॉचमन, लखमा.

"तुमची शिडी रोज उघडते."

"रोज?"

"सांजच्याला लाइट गेली का उघडते. मी सकाळी खालून दांडा ढकलून बंद करतो. परत उघडते."

मला वाटलं, दांडा अडवणारी खीळ सैल असेल. राघो हसला. "म्हसा गावच्या जत्रेतला पाळणा बरा रे तुझ्या शिडीपेक्षा! जा, आवळून ये."

घरी सांगितलं तर मालू म्हणाली, "मी पण येते."

"तुझा काय काम तिथं?"

"गंगी गेली तवा मी तापात होते. जागा तरी बघू द्या."

आम्ही एसटीने गेलो. लखमाने मालकाकडून किल्ली आणून ठेवली होती. वर जाऊन कुलूप काढलं. छत काळं होतं. जमिनीवर धूळ साचली होती, आणि त्या धुळीत आमच्या पावलांशिवाय एकही पाऊल नव्हतं.

पिन जागेवर होती. पूर्ण आत. तिच्यावरही धूळ होती.

मी ओढून बघितली. घट्ट. खीळ चांगली होती, दांडा चांगला होता. शिडीत काहीही बिघाड नव्हता.

मालू उंबऱ्यावरच थांबली होती. खोलीकडे नाही, ती खिडकीकडे बघत होती.

आम्ही कुलूप लावून खाली आलो. मी लखमाला म्हणालो, "पोरं खेळ करत असतील."

"थांबा जरा," तो म्हणाला. "लाइट जायचा टाइम झाला."

तेव्हा भारनियमन होतं. थोड्या वेळात सगळी आळी एकदम अंधारली. समोरच्या दुकानात मेणबत्ती पेटली.

आणि वर...

खट्.

मी मान वर केली. दांडा भिंतीपासून सुटत होता.

खट्... खट्... खट्...

पायऱ्या पडत पडत माझ्या डोक्यापर्यंत आल्या. शेवटची पडली. शिडी पूर्ण उघडली.

खिडकी बंद होती. खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात होती.

मग दुसरा आवाज आला. बारीक. लोखंडावर धातू टेकल्याचा.

टण्...

थांबला.

टण्...

लखमा माझ्या कानाशी म्हणाला, "जोडवी."

पायातली जोडवी. कुणीतरी एकेक पायरी उतरत होतं. शिडीवर कुणीही नव्हतं. मला पलीकडची भिंत स्पष्ट दिसत होती.

आवाज निम्म्यापर्यंत आला... आणि बंद झाला.

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा सगळ्यात वरून, टण्...

"रोज असाच," लखमा म्हणाला. "निम्म्यावर येते. पुढं नाय."

मी मालूचा हात धरायला गेलो. ती तिथे नव्हती. ती शिडीखाली जाऊन उभी होती.

"ती भितेय," मालू म्हणाली. "आमच्या विहिरीला पायऱ्या होत्या. गंगी कधी एकटी उतरली नाय. मी पुढं, ती मागं."

मग तिने माझ्यापुढे हात केला. "किल्ली द्या."

"येडी झालीस काय?"

"मी तिची पाठराखीण होते."

आमच्याकडे नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत माहेरची एक मुलगी पाठवतात. ती पाठराखीण. नवरीला नवं घर परकं वाटू नये म्हणून. चार दिवस राहते आणि नवरीला सोबत घेऊन माहेरी परत येते. गंगीच्या लग्नात मालू गेली होती. पण सासरच्यांनी गंगीला तेव्हा पाठवलंच नाही. मालू एकटी परत आली. गावात सगळ्या बायका तिला विचारत राहिल्या, नवरी कुठंय?

"पाठराखीण एकटी येत नाय हो," मालू म्हणाली. "मी आले. ती अजून तिथंच उभी आहे. द्या किल्ली."

मी देत नव्हतो. तिने माझ्या खिशातून काढून घेतली.

मी तिच्या मागे जिन्याने पळालो. पहिल्या मजल्याच्या वळणावर अंधारात आपटलो. उठेपर्यंत वर कुलूप उघडल्याचा आवाज आला. मी परत खाली धावलो. म्हटलं, पडलीच तर निदान खाली असेन.

मालू खिडकीतून बाहेर आली. पदर खोचलेला. तोंड भिंतीकडे. ती उतरू लागली.

तिच्या जोडव्यांचा आवाज आला. टण्...

लगेच वरच्या पायरीवर दुसरा.

टण्...

मालू बोलत होती. हळू, पण आम्हाला ऐकू येत होतं.

"खाली बघू नको गो... माझ्याकडं बघ... हां, इथं ठेव पाय... दम खा."

निम्म्यावर दुसरा आवाज थांबला. मालूही थांबली. तिने एक हात सोडला आणि वर केला. जणू कुणाच्या घोट्याला धरलं आणि पाय खालच्या पायरीवर टेकवला.

टण्...

लखमा देवाचं नाव घेत होता.

मालू जमिनीवर उतरली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाजूला व्हा. तिला जागा द्या."

मी बाजूला झालो.

माझ्या अगदी जवळून रॉकेलचा वास गेला...

लाइट आली. समोरच्या दुकानातला रेडिओ पुन्हा सुरू झाला. मी शिडी बंद करायला दांड्याला हात लावला आणि ओरडून काढून घेतला. हिवाळ्याची संध्याकाळ, आणि लोखंडाचा चटका बसला.

परतीची एसटी खच्चून भरली होती. मालू बाकाच्या कडेला बसली, खिडकीची जागा मोकळी ठेवून. मी पूर्ण वाट उभा होतो. गाडीत एवढी माणसं लोंबकळत होती, पण ती जागा कुणीही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी मालू माहेरी गेली. गावाच्या शिवेवर तिने तांदूळ आणि कुंकू वाहिलं. संध्याकाळी परत आली तेव्हा हसत होती. भाकरी दोन घास जास्तच खाल्ली.

"सोडली तिला घरी," म्हणाली. "आता कोणी मला इचारणार नाय."

लखमाचा फोन आला, शिडी आता गप्प आहे. मला वाटलं, झालं.

आठवडाभराने मी कामावरून आलो. लाइट गेलेली होती. मालू चुलीपाशी बसली होती. मी दारात चपला काढत होतो आणि आतून तिचा आवाज आला.

"बस गो. होतेच भाजी."

मी आत गेलो. ती एकटी होती. समोर पाट मांडला होता. त्यावर कुणी नव्हतं.

"कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाय."

"मालू, घरात रॉकेलचा वास येतोय. आपल्याकडं स्टोव्ह नाय."

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "तुमी रागावू नका. ती आली परत."

"तू तर सोडून आलीस ना तिला?"

"आले. म्हणून तर ती आली. म्हणते, तू मला सोडायला आलीस, आता मी तुला सोडायला येते."

"कुठं सोडायला?"

मालूने तव्यावरची भाकरी उलटली.

त्या क्षणाला मी जेवढा घाबरलो तेवढा त्या शिडीखालीही घाबरलो नव्हतो. तिथे भीती मेलेल्या बाईची होती. इथे माझी बायको जायला निघाली होती, आणि मला सांगत होती भाकरी करता करता.

मी काय काय नाही केलं! मुरबाडच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, बाई ठणठणीत आहे. भगताकडे नेलं. त्याने दाणे मांडले, मालूच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं आणि दाणे तसेच गोळा केले. म्हणाला, "ही त्रास द्यायला नाय आली रे. सोबतीला आली. सोबतीला आलेल्याला हाकलायचा मंतर माझ्याकडं नाय."

पौषात मालूला ताप भरला. म्हशाची जत्रा चालू होती. दरवर्षी आम्ही जायचो, ती घोंगड्यांचा भाव करायची आणि घ्यायची बांगड्या. त्या वर्षी ती अंथरुणातून उठली नाही. ताप उतरेना. रक्त तपासलं, काही निघालं नाही.

एका संध्याकाळी लाइट गेली. मी दिवा लावून तिच्या उशाशी बसलो. मालू उठून बसली. तिने एक पाय अंथरुणाबाहेर काढला आणि हळूच, चाचपडत, खाली टेकवला. अंधारात पायरी शोधावी तसा.

"हात धर गो," ती म्हणाली.

मी माझा हात पुढे केला. तिची मूठ मिटलेली होती. मी ती उघडायला गेलो. उघडली नाही. तिच्या बोटांमध्ये माझा हात मावेल एवढी जागाच नव्हती. तिने आधीच कुणाचातरी हात धरलेला होता.

तशीच गेली ती.

आमच्यात माणूस जिथे जातं तिथे दिवा लावून पीठ पसरतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी पिठावर काही ना काही खूण उमटलेली असते, गेलेलं माणूस कोणत्या रूपात गेलं ते त्यावरून सांगतात. माझ्या आत्याने, गीताबाईने, सकाळी टोपली उचलली.

पिठावर काहीच नव्हतं. मुंगीचा पायसुद्धा नाही.

आत्या पिठावर वाकली. "अशी कशी गेली पोर," म्हणाली, "पाय न टेकवता?"

तेराव्यानंतर कारखान्यात लखमाचा फोन आला. त्याला मालू गेल्याचं ठाऊक नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "महिपत, शिडी परत उघडाया लागली. या बारीला दोघी हायेत."

मी गेलो. न जाऊन कसं चाललं असतं?

लाइट गेली. शिडी उघडली. मी खाली उभा राहिलो.

टण्... टण्...

एक पुढे, एक मागे. पुढच्या जोडव्याचा आवाज मी ओळखला. वीस वर्षं तो माझ्या घरात फिरला होता.

दोघी निम्म्यावर आल्या... आणि थांबल्या. मला कळलं, त्या वाट बघत होत्या. मी एक हाक मारायची खोटी होती. मालू, एवढंच म्हणायचं होतं. ती उतरली असती. घरी आली असती.

पण ती एकटी आली नसती. आणि आल्यावर मला काय म्हणाली असती, तेही मला माहीत होतं: चला, आता मी तुम्हाला सोडायला आले. पाठराखीण रिकाम्या हाताने परत जात नाही.

मी हाक मारली नाही. सकाळपर्यंत शिडी उघडीच होती, असं लखमाने नंतर सांगितलं.

मी ते काम सोडलं. शहापूरला पुन्हा गेलो नाही. आता माझं घर बैठं आहे, जवळपास उंच इमारत नाही, भिंतीला पाइपसुद्धा नाही.

तरी संध्याकाळी लाइट गेली की मी तोंडावर हात घट्ट दाबून बसतो. मला तिची फार आठवण येते, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून नाव निघून जातं...