अकराशे दुरुस्त्या

सदरमधल्या टायपिंगच्या दुकानात प्रणालीने दहा वर्षं लग्नपत्रिका आणि अर्ज निस्तरले होते. चुकीचं स्पेलिंग दिसलं की तिचा हात आपोआप चालायचा. एका सोमवारी एक अनोळखी मास्तर चाळीस पानांचं इंग्रजी बाड टाकून गेला, तेही तिने असंच धुऊन काढलं. अकराशे चुका दुरुस्त केल्या आणि शाबासकीची वाट बघत बसली.

मास्तरचं नाव अभिजीत, उमरेडच्या विणकराघरचा. तो पानं चाळत गेला आणि त्याचा चेहरा उतरला. ते बाड म्हणजे इंग्रजी सुधारण्याचा प्रस्ताव होता. बोलतो तसंच लिहायचं, मुकी अक्षरं हाकलायची, जास्तीचे शब्द कमी करायचे. त्या अकराशे चुका त्याने तीन वर्षं खपून मुद्दाम केल्या होत्या. आणि शनिवारी धरमपेठेत शिक्षकांच्या सभेत प्रस्ताव मांडायचा होता.

प्रणालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अभिजीत मात्र रागावला नाही. रोज दुपारी शाळा सुटली की यायचा, स्टूल ओढून एकेक शब्द सांगायचा, आणि ती तो पुन्हा त्याच्यासारखा 'चुकीचा' करायची. कूलर घरघरायचा, मधेच त्याचं कोपर तिच्या हाताला लागायचं, आणि दोघंही एकदमच सॉरी म्हणायचे. हे तिला आवडायला लागलं होतं... आणि ते अजिबात सोयीचं नव्हतं. रविवारी अमरावतीचे पाहुणे तिला बघायला येणार होते. त्याआधी तिला एवढंच कळायला हवं होतं — ह्या माणसाच्या मनात आपण आहोत, की नुसती अक्षरं?

शुक्रवारी त्याने इंग्रजीतून वगळायच्या शब्दांची यादी दिली. त्यात 'लव्ह' होता.

"हा काहून काढला, सर?"

"'लाइक' आहे ना. एका कामाले दोन शब्द कशाले? मागावर फालतू धागा दिसला का आमचे बाबा तोडून टाकते."

प्रणाली "बरं" म्हणाली. तिला फार वाईट वाटलं, पण काम वेळेत दिलं.

शनिवारी सभेत प्रस्तावाला टाळ्या कमी आणि चहाला गर्दी जास्त झाली. संध्याकाळी प्रणाली दुकान आवरत होती, तेवढ्यात अभिजीत दारात उभा राहिला. हातात तीच यादी.

"मॅडम, यातला एक शब्द गाळला तुम्ही."

"सवयीनं झालं असंन." मग तिला स्वतःचाच राग आला. "नाही, सर. मुद्दाम गाळला. तो मले ठेवायचा होता."

अभिजीतने यादीतल्या त्या जागेवर बोट ठेवलं.

"सभेत वाचतावाचता मी तिथं आलो," तो म्हणाला, "तं तो नव्हताच. इतकं बरं वाटलं मले... लिहितानाच हात अडला होता, पण मी ऐकलं नाही. मलेही ठेवायचा आहे तो. तुमच्यासाठी. उद्या बाबाले घेऊन तुमच्या घरी येऊ का?"

"उद्या अमरावतीचे पाहुणे येऊन राहिले. मले बघायले."

त्याने यादीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मंग?"

"मंग तुम्ही सकाळीच या," प्रणाली म्हणाली, आणि अमरावतीच्या पाहुण्यांना 'नको' कळव असं सांगायला तिने त्याच्यासमोरच आईला फोन लावला.