शालीखालचा हात

"अगं बाई... पितळी डब्यांच्या रांगेत हा रॉकेलचा डबा कोणी ठेवला?"

चांगुणा स्वतःशीच बोलली, पण मोठ्याने. इटलीतल्या त्या शहरात मराठी कोणाला कळणार? चौकाच्या तीन बाजूंना जुनी दगडी घरं, नक्षीच्या कमानी — आणि चौथ्या बाजूला महायुद्धानंतर उभी केलेली ती उघड्या काँक्रीटची उंच, उर्मट इमारत. शहरात तिच्यावरून अजून भांडणं होत. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक्रमासाठी पुणतांब्याहून आलेली चांगुणा सुट्टीत मुद्दाम ती पाहायला आली होती.

"डबा म्हनू नका हो," मागून आवाज आला. "लई दिवसांनी मराठीत नावं ठेवलेली ऐकली, म्हनून सोडतो."

ती दचकून वळली. भुरभुर पावसात एक तरुण हसत उभा होता. राधाकृष्ण, घोडेगावचा. वडील जनावरांच्या बाजारात दलाल, आणि याला साखर कारखान्याने यंत्रं शिकायला धाडलेलं.

"तुम्हाला आवडते ही?"

"पहिल्यांदा न्हाई आवडली. आता रोज येतो."

"म्हणजे आवडते."

"तसंही न्हाई... हिच्याशिवाय चौक रिकामा वाटंल, एवढं खरं."

तो इमारतीकडे बघत होता की तिच्याकडे? हसावं की वाद घालावा, चांगुणाला कळेना. ती वाद घालत राहिली. वाद घालत दोघं सगळा चौक फिरले, कॉफी प्याले, भिजले.

बसथांब्यावर ती म्हणाली, "उद्या मी घरी निघाले. श्रीरामपूरचं स्थळ आलंय. माझ्या होकारासाठी थांबलेत."

त्याने आधी बसच्या वाटेकडे पाहिलं. मग तिच्या शालीचं टोक ओढून त्याखाली त्याने तिचा हात धरला — बाजारात दलाल रुमालाखाली भाव करतात, तसा.

"कळलं?"

"नाही..."

"मग घोडेगावच्या बाजारात विचारा कुनालाबी."

बस आली.

गावी आल्यावर चांगुणाला काही सुचेना. रुमालाखाली जितकी बोटं धरावी तितका आकडा, एवढं ती ऐकून होती. पण त्याने एकही बोट वेगळं धरलं नव्हतं. मग आकडा कोणता? की नुसती थट्टा? कॉलेजात अवघड गणितं सोडवणारी ती इथे मात्र अडली. शेवटी जन्मभर बैल घेतलेल्या-विकलेल्या सूर्यभानमामाला तिने आडून विचारलं.

"मामा, बोट न धरता कोणी नुसता हातच धरून ठेवला, तर किती होतात?"

मामाचा अडकित्ता थांबला. "पोरी, मंग त्यो भाव करीतच न्हवता."

चांगुणाचे कान तापले.

"कोन हाय त्यो?"

"घोडेगावचा..."

"आन् श्रीरामपूरवाल्यांला काय सांगू?"

ती बोटांनी शालीचे गोंडे विंचरू लागली. "नाही म्हणून सांगा."

राधाकृष्ण परतल्याची बातमी मामानेच आणली. पुढच्या बाजाराला ती मामाबरोबर घोडेगावला गेली. धुळीत, बैलांच्या घुंगरांत तो दिसला, आणि तिला पाहून हातातला कासरा तसाच विसरला.

"मग? चांगली का वाईट, ठरलं का त्या इमारतीचं?" त्याने विचारलं.

"अजून नाही कळत..." तिने शाल पुढे केली. "पण आल्यापासून पुणतांब्याचा चौक रिकामा वाटतो."

शालीखाली तिने त्याचा हात धरला. एकही बोट वेगळं न धरता.

"आरं, सगळा बाजार बघतोय!" मामा ओरडला.

दोघांनाही ऐकू आलं नाही.